दुचाकी इंजिनाची संगणकीय तपासणी : सोलापूरच्या कारागिरांपुढील नवी विद्या

सोलापूर जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत मोटारसायकल हे आता हौसेचे वाहन राहिलेले नाही. करमाळ्याचा शेतकरी दुधाच्या किटल्या तिच्यावरूनच संकलन केंद्रावर पोहोचवितो, मंगळवेढ्याचा शिक्षक वाडीवरची शाळा तिच्यावरूनच गाठतो आणि अक्कलकोट रस्त्यावरील यंत्रमाग कामगार रात्रपाळी संपवून तिच्यावरूनच घरी परततो. साहजिकच प्रत्येक मोठ्या गावाच्या फाट्यावर किंवा एस. टी. स्थानकाच्या शेजारी दुचाकी दुरुस्तीचे एखादे तरी गॅरेज दृष्टीस पडते. या गॅरेजवर एका कारागिराचे व त्याच्या हाताखालील एकदोन मुलांचे कुटुंब चालते, आणि त्या परिसरातील शेकडो माणसांचे रोजचे दळणवळणही अवलंबून असते.

या कारागिराची विद्या आजवर कान, नाक व हात यांच्यात साठविलेली होती. इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट ढिले आहे हे त्याला कळे, सायलेन्सरच्या धुरावरून पेट्रोल जास्त जात असल्याचे समजे आणि कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून तो गाडी सुरळीत करून देई. ही विद्या आजही निरुपयोगी झालेली नाही. मात्र गेल्या काही वर्षांत इंजिनाच्या रचनेतच जो बदल झाला आहे, त्यामुळे तिला एका नव्या विद्येची जोड देणे अपरिहार्य ठरले आहे. ही नवी विद्या म्हणजे संगणकीय तपासणी प्रणालीच्या साहाय्याने इंजिनाचे दोष ओळखणे होय. तिचे स्वरूप, ती शिकण्याचा क्रम आणि तिच्या प्रसारातील अडचणी यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा प्रयत्न आहे.

कार्बोरेटरकडून इंजेक्टरकडे

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही प्रदूषण मानके लागू झाली. धुरातील घातक वायूंचे प्रमाण या मानकांनी इतके खाली आणले की, पेट्रोल व हवा यांचे मिश्रण केवळ यांत्रिक पद्धतीने करणाऱ्या साध्या कार्बोरेटरला ती मर्यादा पाळणे कठीण झाले. काही लहान इंजिनांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला कार्बोरेटर टिकून राहिला. परंतु बहुतेक नव्या दुचाकींवर त्याची जागा फ्युएल इंजेक्शन पद्धतीने घेतली.

या पद्धतीत टाकीतील विद्युत पंप सुमारे तीन बार दाबाने पेट्रोल पुढे पाठवितो. इंजेक्टरची बारीक झडप सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती उघडते आणि पेट्रोलचा फवारा आत सोडते. झडप केव्हा आणि किती वेळ उघडावयाची, तसेच ठिणगी कोणत्या क्षणी पाडावयाची, याचा निर्णय एक छोटा संगणक घेतो. गॅरेजच्या भाषेत यालाच ईसीयू म्हणतात.

नव्या मानकांबरोबर वाहनाने स्वतःच्या दोषांची नोंद स्वतः ठेवावी, ही अटही आली. ओबीडी या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था दुचाकींवर २०२० मध्ये पहिल्या टप्प्यात आली आणि २०२३ व २०२५ मध्ये तिचे पुढील टप्पे लागू झाले. गाडीच्या मीटरवर इंजिनाच्या आकाराचा जो पिवळा दिवा लागतो, तो या व्यवस्थेचाच इशारा होय.

सोलापूरच्या दृष्टीने या बदलाला आणखी एक महत्त्व आहे. केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेची गुणवत्ता सुधारण्यासाठी निवडलेल्या शहरांत सोलापूरचा समावेश आहे. मानके कागदावर कितीही कडक असली, तरी बिघडलेली गाडी योग्य रीतीने दुरुस्त झाली नाही, तर त्यांचा लाभ शहराच्या हवेला मिळत नाही. म्हणूनच फाट्यावरच्या गॅरेजमधील ज्ञान हा सार्वजनिक आरोग्याशीही निगडित असा विषय आहे.

संगणक काय पाहतो ?

ईसीयूला डोळे व कान नसतात. ते काम सेन्सर करतात. क्रँकचा सेन्सर इंजिनाचे फेरे व पिस्टनची स्थिती सांगतो. थ्रॉटलचा सेन्सर चालकाने किती रेस दिली आहे ते कळवितो. हवेच्या दाबाचा, हवेच्या तापमानाचा आणि इंजिनाच्या तापमानाचा असे तीन सेन्सर मिळून आत किती हवा जात आहे व इंजिन थंड आहे की गरम, याची कल्पना देतात. सायलेन्सरच्या नळीत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला आहे हे पाहतो आणि त्यावरून पेट्रोल कमी पडले की जास्त झाले, हे ईसीयूला समजते.

शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जाळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल असे प्रमाण लागते. ऑक्सिजन सेन्सरच्या संकेतानुसार ईसीयू पेट्रोलचे प्रमाण सतत थोडे कमीअधिक करीत राहतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. अधिक चिन्ह असलेला ट्रिम म्हणजे ईसीयूला पेट्रोल वाढवावे लागत आहे, आणि उणे चिन्ह असलेला ट्रिम म्हणजे ते कमी करावे लागत आहे. पूर्वी कार्बोरेटरच्या स्क्रूवर कारागीर जे काम करीत असे, तेच काम येथे संगणक अहोरात्र करीत असतो.

दोषांकाची भाषा

एखाद्या सेन्सरचा संकेत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ईसीयू आपल्या स्मृतीत एक दोषांक नोंदवितो. कारागीर यालाच ‘कोड’ म्हणतात. स्कॅनर जोडून हा दोषांक वाचता येतो. काही गाड्यांवर स्कॅनर नसतानाही पिवळा दिवा किती वेळा लुकलुकतो हे मोजून तो ओळखण्याची सोय असते.

प्रमाणित दोषांकात आरंभी एक अक्षर व पुढे चार अंक असतात. ‘पी’ या अक्षराचा अर्थ इंजिन व शक्तिवहन विभाग असा आहे. त्यापुढील अंक शून्य असेल तर तो दोषांक सर्व कंपन्यांना समान असतो. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा असतो. तिसऱ्या स्थानावरील अंक दोषाचा विभाग दाखवितो. एक व दोन हे अंक इंधन व हवा यांच्याशी, तीन हा ठिणगीशी, चार हा धूर नियंत्रणाच्या साधनांशी आणि पाच हा वेग व आयडलिंग यांच्याशी संबंधित असतो. उदाहरणार्थ, पी-०११५ हा इंजिनाच्या तापमान सेन्सरच्या मंडलाचा, पी-०१२० हा थ्रॉटल सेन्सरचा, पी-०२०१ हा पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा आणि पी-०३३५ हा क्रँक सेन्सरचा दोषांक आहे. एवढी रचना ध्यानात आली की शेकडो दोषांक पाठ करण्याची गरज उरत नाही.

येथे ‘मंडल’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. दोषांक ‘सेन्सर बिघडला’ असे सांगत नाही. सेन्सर, त्याची वायर, कपलर व अर्थिंग मिळून झालेल्या मार्गात कोठेतरी दोष आहे, एवढेच तो सांगतो. नव्याने शिकणाऱ्याने हा भेद प्रथम मनावर ठसवून घ्यावयास हवा.

तपासणीचा क्रम

स्कॅनर हाती आला की लगेच तो जोडावा, हा मोह नवशिक्यास होतो. वस्तुतः तपासणीची पहिली पायरी जुनीच आहे. ग्राहकाची तक्रार नीट ऐकून घ्यावी. गाडी थंड असताना अडते की गरम झाल्यावर, चढावर की आयडलिंगला, पेट्रोल कोठे भरले, गाडी किती दिवस उभी होती, हे विचारावे. त्यानंतर एअर फिल्टर, स्पार्क प्लग, सुटलेली नळी आणि उंदराने कुरतडलेली वायर डोळ्यांनी पाहावी.

दुसरी पायरी बॅटरीची. इंजिन बंद असताना चांगल्या भारित बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारणपणे १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावयास हवेत. बॅटरी उतरलेली असेल तर ईसीयू व सेन्सर यांचे आकडे भरवशाचे राहत नाहीत आणि नसलेले दोषही दिसू लागतात.

तिसऱ्या पायरीवर इग्निशन बंद ठेवून स्कॅनर जोडावा, मग इग्निशन चालू करून दोषांक वाचावेत आणि वहीत उतरून घ्यावेत. ते तत्काळ पुसून टाकू नयेत; पुसलेला दोषांक म्हणजे हरवलेला पुरावा होय.

चौथी पायरी म्हणजे चालू आकड्यांचे वाचन, आणि खरी विद्या येथेच आहे. इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू ठेवून पाहिल्यास अनेक गोष्टी कळतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत इंजिनाचे तापमान व हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसावयास हवे. दाबाच्या सेन्सरने त्या ठिकाणचा वातावरणाचा दाब दाखवावयास हवा. समुद्रकाठी मुंबईत हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने येथे तो ९५ ते ९६ च्या आसपास असतो, तर महाबळेश्वरला तो ८६ पर्यंत उतरतो. मुंबईच्या आकड्यांवर शिकलेला विद्यार्थी सोलापुरात ९६ पाहून सेन्सर बदलावयास निघाला, तर ग्राहकाचा खर्च व्यर्थ जाईल. थ्रॉटलची मूठ हळूहळू फिरविली असता त्याच्या सेन्सरचा संकेत मध्ये कोठेही न अडखळता चढत जावयास हवा.

इंजिन सुरू करून ते पुरेसे गरम झाल्यावर ऑक्सिजन सेन्सर पाहावा. सामान्य प्रकारच्या सेन्सरचा संकेत सुमारे ०.१ व ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान सतत वरखाली होत राहतो. तो खालीच अडकून राहिल्यास मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे, आणि वरच राहिल्यास ते जास्त असल्याचे लक्षण मानावे.

शेवटची पायरी दुरुस्तीनंतरची. दोष दूर केल्यावरच दोषांक पुसावा, गाडी काही किलोमीटर चालवून आणावी आणि स्मृती पुन्हा वाचावी. दोषांक परत आला नाही, तरच काम पूर्ण झाले असे समजावे.

या सर्व कामात काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. इग्निशन चालू असताना कोणताही कपलर ओढू नये. पेट्रोलची नळी काढण्यापूर्वी तिच्यातील दाब उतरवावा. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक आहे.

दोषांक आणि निदान यांतील अंतर

दोन उदाहरणांवरून ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. मे महिन्याच्या सकाळी एक गाडी गॅरेजवर आली, अशी कल्पना करू. तक्रार अशी की अ‍ॅव्हरेज घटले आहे, सायलेन्सरमधून काळसर धूर येतो आणि प्लग वारंवार काळा पडतो. स्कॅनर एकही दोषांक दाखवीत नाही. येथे घाईचा कारागीर ‘संगणकात काही नाही’ म्हणून गाडी परत करील. परंतु चालू आकडे पाहिले असता हवेचे तापमान २९ अंश आणि रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचे तापमान मात्र ५ अंश असे दिसते. सोलापूरच्या मे महिन्यात हे केवळ अशक्य आहे. तापमानाच्या सेन्सरचा विद्युतरोध थंडीत वाढतो व उष्णतेत कमी होतो. त्याच्या कपलरच्या पिनांवर गंज चढला की रोध वाढतो आणि ईसीयूला इंजिन खरोखरच थंड असल्याचा भास होतो. थंड इंजिनास जास्त पेट्रोल द्यावयाचे, या नियमाने तो पेट्रोल वाढवितो. ५ अंश हा आकडा मर्यादेच्या आतला असल्याने दोषांक मात्र नोंदविला जात नाही. कपलर स्वच्छ करून घट्ट बसविला की गाडी सुरळीत होते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. ऑक्सिजन सेन्सरने मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे कळविले व दोषांक नोंदला गेला. कारागिराने महागडा सेन्सर बदलला. आठवड्याने तोच दोषांक परत आला. सेन्सर सत्यच सांगत होता. थ्रॉटल बॉडी व इंजिन यांच्यामधील रबराला तडा गेल्याने जादा हवा आत शिरत होती. पहिल्या उदाहरणात दोषांक नसताना दोष होता. दुसऱ्यात दोषांक खरा असूनही निदान चुकले. स्कॅनर साक्षीदारासारखा आहे. त्याची साक्ष नोंदवून घ्यावी, तपासून पाहावी आणि निर्णय मात्र कारागिराने स्वतःच्या बुद्धीने द्यावा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

सोलापूर हा उसाचा व साखर कारखान्यांचा जिल्हा असल्याने इथेनॉल हा विषय येथे परका नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. त्यामुळे २० टक्के मिश्रणास १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग हवा पुरते. म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी पेट्रोल थोडे अधिक सोडावे लागते. १० टक्के मिश्रणाशी तुलना करता ही वाढ सुमारे चार टक्के होते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी ट्रिम वाढवून ही तूट बहुतांशी स्वतः भरून काढते. त्यामुळे स्कॅनरवर अधिक चिन्हाचा थोडा ट्रिम दिसला की लगेच इंजेक्टर तुंबल्याचा निष्कर्ष काढू नये. उलट, इथेनॉल पाणी शोषून घेते. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी, पंप व फिल्टर यांची तपासणी म्हणूनच अगत्याची ठरते.

ट्युनिंगची मर्यादा

‘सॉफ्टवेअरने ट्युनिंग’ या शब्दांचा तरुणांत एक वेगळाच अर्थ रूढ होऊ पाहत आहे. ईसीयूमधील मूळ कोष्टके बदलून गाडीचा वेग व पिकअप वाढविणे, असा तो अर्थ होय. या दोन गोष्टींत स्पष्ट भेद करावयास हवा. थ्रॉटल बॉडी स्वच्छ केल्यावर आयडलिंगची शिकवण पुन्हा करून घेणे, कंपनीने ठरविलेल्या मर्यादेत जुळणी करणे आणि दोष दूर करून इंजिन मूळ स्थितीत आणणे, हे रास्त ट्युनिंग होय. मूळ कोष्टके बदलल्याने इंजिन तापणे, धूर वाढणे व हमी रद्द होणे असे परिणाम संभवतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ प्रत्येक वाहनास धुराची मर्यादा घालून देतो, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनातील मनमानी फेरबदलांना प्रतिबंध आहे. शिक्षकांनी ही बाब महाविद्यालयीन तरुणांच्या निदर्शनास आणून देणे हितावह ठरेल.

शिक्षणाच्या सोयी व अडचणी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत ‘मेकॅनिक मोटार व्हेईकल’ हा दोन वर्षांचा आणि ‘मेकॅनिक टू अँड थ्री व्हीलर’ हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. दहावीनंतर या शिक्षणाचा मार्ग मोकळा होतो. ज्यांनी शाळा लवकर सोडून गॅरेजमध्येच काम शिकले, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवास मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. गावपातळीवर अल्पमुदतीचे शिक्षण पोहोचविणे हा त्यांचा हेतू आहे. स्कॅनर व अन्य साधनांच्या खरेदीसाठी प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील ५० हजार रुपयांपर्यंतच्या शिशु कर्जाचा विचार करता येतो.

तथापि अडचणीही थोड्या नाहीत. पहिली अडचण साधनांची. प्रत्येक कंपनीची तपासणी प्रणाली वेगळी, जोडणीचा कपलर वेगळा, आणि ती प्रणाली प्रामुख्याने अधिकृत सेवा केंद्रांच्या हाती. बाजारात मिळणारे सर्वसाधारण स्कॅनर व मोबाइलवर चालणारी साधने प्रत्येक दुचाकीशी संवाद साधू शकतातच असे नाही. म्हणून आपल्या भागात कोणत्या गाड्या अधिक येतात हे पाहूनच खरेदी करावी.

हा प्रश्न न्यायाच्या कक्षेतही येऊन गेला आहे. मोटारींच्या संदर्भात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती व तपासणीची साधने स्वतंत्र कारागिरांना खुली न ठेवणे, हे त्यामागील प्रमुख कारण होते. या आदेशास पुढे आव्हान देण्यात आले; परंतु त्यामुळे एक महत्त्वाचे तत्त्व चर्चेत आले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व घरगुती उपकरणे यांच्याबरोबर वाहनांचाही समावेश आहे. सांगोल्याच्या एखाद्या खेड्यातील शेतकऱ्याला एका सैल कपलरसाठी गाडी टेम्पोत घालून शहरात न्यावी लागू नये, हाच या हक्काचा व्यावहारिक अर्थ होय.

दुसरी अडचण भाषेची. स्कॅनरच्या पडद्यावरील शब्द इंग्रजी असतात. सातवी-आठवी शिकलेल्या कुशल कारागिराला ते शब्द परके वाटतात आणि तो या साधनापासून दूर राहतो. प्रत्यक्षात नेहमीच्या कामास लागणारे शब्द पन्नाससाठच आहेत. त्यांचा मराठी अर्थ देणारा एखादा तक्ता गॅरेजच्या भिंतीवर लागला, तरी निम्मी भीती नाहीशी होईल.

शाळा व पंचायतींचे कार्य

या कामी शिक्षक व पंचायत सदस्य यांना बरेच काही करता येण्याजोगे आहे. विज्ञान शिक्षकांना तापमान व विद्युतरोध, उंची व हवेचा दाब, ज्वलन व ऑक्सिजन हे पाठ्यपुस्तकातील विषय एका मोटारसायकलच्या आधारे जिवंत करून दाखविता येतील. ग्रामपंचायतींना आपल्या गावातील कारागिरांची नोंद करून त्यांची नावे जवळच्या प्रशिक्षण केंद्राकडे पाठविता येतील. एकट्या कारागिरास न परवडणारे साधन चारपाच गॅरेजचालकांनी किंवा बचत गटाने मिळून घेण्याचा मार्गही खुला आहे.

ज्या सोलापूर शहरात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कारखान्यात मोटार इंजिनांचे कॅमशाफ्ट तयार होतात व परदेशी कंपन्यांनाही पुरविले जातात, त्या शहराच्या आसपासच्या कारागिरांना इंजिनाचा संगणक अवघड जाण्याचे कारण नाही. त्यांच्या हातातील कौशल्य अस्सल आहे. आकडे वाचण्याची सवय, नोंदी ठेवण्याची शिस्त आणि दोषांकामागील कारण शोधण्याची चिकाटी यांची जोड त्या कौशल्यास मिळाली, तर फाट्यावरचे गॅरेज बंद पडणार नाही. गावकऱ्यांचा खर्च वाचेल, शहराची हवा थोडी अधिक स्वच्छ राहील आणि हाताखाली शिकणाऱ्या मुलाला उद्याच्या काळात टिकेल असा व्यवसाय लाभेल.